हिऱ्यानं नेलेले रविवार

१

हिरा जागेवर होता. फक्त तो हिरा नव्हता.

अल्फियानं ही बातमी आणली तेव्हा नाथाजी शेवाळे स्वयंपाकघरात दुधावर नजर ठेवून उभे होते. मिलिटरी पोलिसात उभी हयात काढलेल्या या सुभेदाराच्या नजरेतून भलेभले पळपुटे सुटले नव्हते, पण दूध मात्र रोज सुटायचं. ते सांभाळणं त्यांच्या बायकोचं, अर्जुनाचं काम होतं, आणि अर्जुना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. साताऱ्यातल्या त्या घरात त्यानंतर भांड्यांचा आवाजसुद्धा परका वाटायचा. मग मिरजेच्या मौला शिकलगारांची ही पोर वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली आणि डोक्यावर पुन्हा पावलं वाजू लागली. आता शनिवारी ती जर्मनीला निघाली होती, दोन-तीन वर्षांसाठी. नाथाजींनी साऱ्या गल्लीला हसतमुखानं पेढे वाटले होते आणि घरी येऊन दार लावून बराच वेळ नुसते बसले होते.

गावातल्या एका कॉलेजात ती संशोधन करायची. तिचा हिरा म्हणजे अंगठीतला खडा नव्हे. मसुरीच्या डाळीएवढी एक चपटी चकती, मशीनमध्ये तयार केलेली. हिऱ्यात कार्बनचे अणू ओळीनं बसलेले असतात. त्यात कुठंकुठं एक अणू गैरहजर असतो आणि त्याच्या शेजारी नायट्रोजनचा अणू येऊन बसलेला असतो. त्या रिकाम्या जागेत अडकलेला इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा असतो, वर तोंड करून नाहीतर खाली. नीट हाताळला तर एकाच वेळी दोन्हीकडं. त्याच्या जोरावर पुढं कधीतरी नव्या तऱ्हेचे संगणक चालतील. हिरवा उजेड टाकला की त्या रिकाम्या जागा लाल उजळतात, आणि त्या लालीवरून भोवऱ्याचं तोंड कुठं आहे ते कळतं. नाथाजींना यातलं एवढंच पक्कं समजलं होतं की सगळी करामत रिकाम्या जागेची आहे. ते त्यांना ताबडतोब पटलंही होतं. रिकामी जागा काय काय लक्षात ठेवते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

सोमवारी ही लाली विझलेली आढळली. यंत्र उघडून बघितलं तर हिऱ्याच्या जागी त्याच मापाची काचेची चकती. दोन दिवस शोधाशोध झाली. जर्मनीतल्या प्रयोगशाळेनं तिला बोलावलं होतं ते त्या एका हिऱ्यासकट. तसा दुसरा तयार करायला वर्ष गेलं असतं. तिच्या सरांनी आज बजावलं होतं, उद्या संध्याकाळपर्यंत हिरा मिळाला नाही तर पोलिसात तक्रार, आणि मग तिचं जाणं रद्दच समजायचं.

"काका, पोलीस यायच्या आधी तुम्ही या," अल्फिया म्हणाली.

नाथाजी हो म्हणाले. पण म्हणताना त्यांच्या मनात एक विचार येऊन गेला आणि त्याची त्यांना शरम वाटली. हिरा सापडलाच नाही, तर पावलं वाजत राहतील.

मागं दूध उतू गेलं.

२

अल्फियाचे सर, डॉक्टर यशराज घोरपडे, म्हणजे बोलायला गोड आणि डोळ्यांनी थकलेला माणूस. दहा वर्षं खपून त्यांनी ही प्रयोगशाळा उभी केली होती, एका खोलीची. मधोमध पिंपाएवढं यंत्र, त्यात लेझर, आणि वर झाकण.

नाथाजींनी आधी यंत्राकडं बघितलंच नाही. खोलीत काय काय शिल्लक आहे ते बघितलं. लेझर जागेवर होता. विकला तर चार पैसे येतील अशी उपकरणं शेल्फात ओळीनं उभी होती. शेजारच्या खणात प्रयोगशाळेच्या खास पारदर्शक गोंदाच्या नळ्या होत्या, त्याच गोंदानं खरा हिरा चिकटवलेला असे. टेबलावर सागवानी लाकडाची एक देखणी पेटी होती, आत मखमल, आणि मधोमध चकतीच्या मापाचा खळगा. हिरा जर्मनीला न्यायला अल्फियाच्या वडिलांनी ती घडवली होती. मौला शिकलगार मिरजेत तंबोरे बनवायचे. पेटीत एकही खिळा नव्हता.

मग घडलेलं सगळं विचारून घेतलं. रविवारी दुपारी अल्फियाला निरोप म्हणून बाहेरच्या व्हरांड्यात जेवण झालं होतं. यशराज होते, तंत्रज्ञ कृष्णात होता, मिरजेहून अल्फियाचे आईवडील भलंमोठं बिर्याणीचं पातेलं घेऊन आले होते. यंत्र आत आपलं काम करत होतं. हात धुवायचं बेसिन आतल्या बाजूला, त्यामुळं जो तो आतबाहेर करत होता. कोण कधी आत गेलं, हे सांगणं कठीण होतं.

यशराजांचा संशय कुणावर आहे ते त्यांनी आडवळणानं सांगितलं. कृष्णात विट्याचा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोनं गाळायचा धंदा, चुलते गावोगावच्या सराफ्यात. हिरा कुठं खपवायचा हे आमच्यात आणखी कुणाला ठाऊक असणार? नाथाजींनी मान डोलवली आणि अल्फियाकडून ऐकलेलं आठवून विचारलं, हिरा परदेशी पाठवायच्या कागदावर सही करायला तुम्हीच एवढे दिवस का लावले? यशराजांचा चेहरा पडला. त्यांनी कबूल केलं की दहा वर्षं जपलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव होत नव्हता. सही केली त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. या खोलीत ज्याला त्याला काहीतरी सुटतंय म्हणून घोर लागलाय, हे नाथाजींच्या तेव्हाच ध्यानात आलं.

मग अल्फियानं त्यांना पडद्यावर रविवारचा आलेख दाखवला. लालीच्या रेघेत दोन दऱ्या दिसत होत्या. हा हिरा चुंबकाच्या बाबतीत भलता हळवा. आसपास लोखंड आलं की दऱ्या सरकतात. म्हणून या खोलीत चिमटेसुद्धा पितळेचे, आणि कृष्णात तर आत येणाऱ्याच्या किल्ल्यासुद्धा बाहेर काढून ठेवायला लावायचा. रविवारी जेवणाच्या सुमारास त्या दोन्ही दऱ्या अचानक जागच्या हलल्या होत्या. त्यानंतर लगेच रेघ सपाट.

"म्हंजी चोरानं पोलादी हत्यार आणलं," नाथाजी म्हणाले, "आन् हिऱ्यानं त्येला जाता जाता बघून ठेवलं."

३

कृष्णात आला तो हातात कागदाची पुडी घेऊनच. तिशीतला उंच गडी, डोळे लाल. दोन दिवस तो धड जेवला नव्हता, कारण संशयाची बातमी फोननं गावाकडं गेली होती आणि थोरल्या चुलत्यानं फक्त एवढंच विचारलं होतं की आपल्या घरात हे कधीपासून.

त्याच्या घरच्या धंद्यात एक रीत आहे. दिवस संपला की सोनाराच्या दुकानातला कचरा फेकत नाहीत. जमिनीवरची झाडण गोळा करतात, जाळतात, धुतात आणि त्यातून सोन्याचा कण अन् कण काढतात. सोमवारी हिरा गेल्याचं कळताच कृष्णातनं तेच केलं होतं. सगळी खोली कुंच्यानं झाडून, धूळ पांढऱ्या कापडावर चाळून बघितली. यशराजांना तो कांगावा वाटला होता.

"हिरा न्हाई घावला," तो म्हणाला. "पर ह्ये घावलं."

पुडीत जुन्या पारदर्शक गोंदाचा एक पापुद्रा होता. नाथाजींनी तो खिडकीशी नेला. एक कड सरळ कापलेली होती, एका झटक्यात, थरथर नाही. हत्यार म्हणजे धारदार पातं, आणि हात सरावाचा. चिमट्यानं उपटलेला हिरा हा नव्हे.

जेवताना आणखी काही जाणवलं का, असं नाथाजींनी विचारलं. कृष्णात विचारात पडला. मग म्हणाला की यंत्राचं झाकण उघडं राहिलं की बारीक शिट्टी वाजते, डास कानाशी आल्यासारखी. ती रविवारी त्याला ऐकू आली होती, बराच वेळ. त्याला वाटलं अल्फियाताई काहीतरी करत असतील. अल्फियाला वाटलं होतं कृष्णात असेल. यशराजांनाही ती ऐकू आल्याचं आता आठवलं.

नाथाजींनी झाकण उचलून बघितलं. शिट्टी सुरू झाली, कानात टोचणारी. ती बंद करायचं बटण झाकणावरच होतं, ठसठशीत लाल. चोरी करणारा माणूस अशी शिट्टी क्षणभरही सहन करणार नाही. हात आपोआप बटणावर जाईल. या चोरानं ती सबंध वेळ वाजू दिली होती. का?

हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, कारण त्यांना त्याहून विचित्र काहीतरी दिसलं होतं. झाकणाखाली ती काचेची चकती अजून तशीच चिकटलेली होती. दोन दिवस झाले, आणि काच कशानं चिकटवली हे बघायला कुणी तिला हातसुद्धा लावला नव्हता.

"ही काढली का न्हाई पोरी तू?"

सगळ्यांच्या माना अल्फियाकडं वळल्या. ती जमिनीकडं बघत होती.

"तुम्ही यायची वाट बघत होते," ती म्हणाली.

४

यशराज म्हणाले, लाखेनं चिकटवली असेल, सोनार खडे लाखेतच बसवतात ना. हे म्हणताना त्यांनी कृष्णातकडं बघायचं टाळलं. नाथाजींनी सांगितलं की लाख स्पिरिटनं सुटते, पाण्याला दाद देत नाही. तेव्हा दोन्ही करून बघू. कृष्णातनं स्पिरिट आणून एक थेंब सोडला. काही झालं नाही. मग नाथाजी गरम पाण्यासाठी वळले, तर अल्फियानं थर्मास पुढं केला. झाकण आधीच काढलेलं, पाणी वाफाळतं.

ते तिच्याकडं बघत राहिले. पाणी गरमच लागणार हे हिला आधीच कसं कळलं, हा प्रश्न ओठांवर आला आणि त्यांनी तो गिळला.

पाण्याचा थेंब पडला, जरा वेळ गेला, आणि चकतीखालचा पिवळट गोंद मऊ होऊन काच सरकली. एक वास आला. भिजल्या कातड्याचा, जुन्या सुतारकामाचा. नाथाजींनी टेबलावरची सागवानी पेटी उचलून नाकाशी नेली. सांध्यातून तोच वास येत होता.

"सरस," कृष्णात हळूच म्हणाला. जनावराच्या कातड्यापासून करतात तो गोंद.

अल्फियानं थर्मासचं झाकण लावलं. ते तीनदा तिच्या हातून वाकडं बसलं.

यशराजांना वासावरून काही उमजलं नव्हतं. ते अजून काचेकडंच बघत होते. उद्या संध्याकाळपर्यंत पोलिसांना फोन करू नका, एवढंच नाथाजींनी त्यांना सांगितलं, आणि कृष्णातला दोन घास खाऊन घ्यायला लावलं. मग एकटेच स्टँडवर आले. मिरजेची गाडी फलाटाला लागलेली होती. घर चालत दहा मिनिटांवर. घरी जाऊन गप्प बसलं असतं तर कुणी त्यांना दोष दिला नसता. म्हातारा सुभेदार, त्याला कुठलं क्वांटमबिंटम कळणार. पोर वरच्या खोलीत राहिली असती, संध्याकाळी खाली येऊन चहा टाकला असता. नाथाजींना ते फार हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. ते बाकावर बसून राहिले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

आणि त्यांना बूट आठवला.

लग्नानंतरची ती पहिलीच रजा. पलूसजवळच्या गावात, निघायच्या सकाळी त्यांचा एक बूट नाहीसा झाला. एकच. आईनं कुत्र्याला शिव्या घातल्या, भावानं गोठा पालथा घातला. ज्याला बूट चोरायचेत तो दोन्ही नेतो. एकच नेणाऱ्याला बूट नको असतो, माणसाचं जाणं नको असतं. हे त्या वयात नाथाजींना कुठलं कळायला. गाडीची वेळ टळायला आली तेव्हा अर्जुनानं ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि बूट काढून त्यांच्यापुढं ठेवला. बूट पॉलिश केलेला होता. लपवतानाच तिनं तो चमकवून ठेवला होता, पाठवायचंच आहे हे माहीत असल्यासारखा. पुढं अनेक वर्षं बर्फातल्या चौकीवर रात्रपाळीला त्यांना तो बूट आठवायचा, आणि ती पुन्हा कधी काही का लपवत नाही असं वाटायचं.

ते उठले आणि चालत्या गाडीत चढले.

५

मौला शिकलगारांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तंबोरे उभे, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि एका छोट्या शेगडीवर सरसाचं भांडं गरम पाण्यात मंद तापत ठेवलेलं. मौला मांडी घालून एका नव्या तंबोऱ्याची नक्षी पुसत होते. मांडीशी कानस, पटाशी आणि एक अरुंद पोलादी पातं. त्यांनी नाथाजींना बघितलं, हसले, बायकोला चहासाठी हाक मारली. दिलशादबी आतून काय म्हणाल्या ते मौलांना कळलं नाही. नाथाजींनीच सांगितलं की साखर किती विचारतायत.

रविवारच्या जेवणाबद्दल नाथाजींनी अवाक्षर काढलं नाही. येताना त्यांनी अल्फियाच्या टेबलावरून दोन वस्तू मागून घेतल्या होत्या, हिरव्या लेझरचा पेन आणि लाल काचेचा चष्मा. अल्फियानं का म्हणून विचारलं नव्हतं. दिवेलागणीची वेळ, खोलीत अंधारू लागलं होतं. नाथाजींनी चष्मा मौलांच्या डोळ्यांवर चढवला, आपण त्यांच्या खांद्याशी वाकले आणि हिरवा उजेड सावकाश भिंतीवरून, भोपळ्यांवरून, तंबोऱ्यांवरून फिरवला. काही उजळलं नाही. मग तो मौलांच्या मांडीवरच्या तंबोऱ्यावर आणला. भोपळ्याच्या तोंडावरच्या फळीवर, तबलीवर, वेलीची नक्षी होती, पांढऱ्या शिंपल्याच्या बारीक पानांची. एक पान, दुसरं पान, तिसरं. चौथं पान लाल पेटलं.

मौलांच्या हातातलं फडकं गळून पडलं.

त्यांनी चष्मा काढला नाही. लालीकडं बघत राहिले, किती तरी वेळ. शेवटी म्हणाले, "ह्येच बघत हुती व्हय ती? इतकी वर्सं?"

"ह्येच."

"लय देखणं हाय, सुभेदार. मला वाटलं हुतं नुसती काच आसंल."

आता नाथाजींनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन. चोरानं किमती वस्तूंना हात लावला नाही, म्हणजे त्याला पैसा नको होता. त्यानं पोलादी पातं आणलं. प्रयोगशाळेतला माणूस हे मेला तरी करणार नाही, तिथं लोखंड म्हणजे विटाळ. काच चिकटवायला शेजारच्या खणातला गोंद न घेता स्वतःचा आणला, म्हणजे तो खण त्याला ठाऊकच नव्हता. काच मात्र अचूक मापाची कापली होती, आणि ते माप पेटी घडवणाऱ्याच्या हाती होतं. शेवटचं म्हणजे शिट्टी. ती वाजत राहिली, कारण त्याला ती ऐकूच आली नाही.

"शिट्टी?" मौला म्हणाले. "वाजत हुती?"

"बाहेर व्हरांड्यात समद्यास्नी ऐकू येत हुती."

मौलांनी खाली बघितलं. चोरी उघडी पडल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नसावं, पण या उत्तरानं त्यांचे खांदे उतरले. मग ते बोलू लागले. बारीक सूर गेले, दोन वर्षं झाली. जाड तार कळते, माणसाचं बोलणं निम्मं कळतं, पण जवारी नाही कळत. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, कानशीनं घासत घासत एका क्षणाला तार नुसती वाजायची थांबते आणि गुंजू लागते. तो क्षण कानानं पकडायचा असतो. तो पकडता येत नाही हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तयार तंबोरे जवारीसाठी गुपचूप दुसऱ्या कारागिराकडं जात होते. हा एक मात्र त्यांना बाहेर द्यायचा नव्हता. अल्फिया गेल्यावर घरात काहीतरी गुंजत राहावं, दिलशादनं नुसती तारांवर बोटं फिरवली तरी, म्हणून हा केला होता. लहानपणी अल्फिया भुशात बसून त्यांचा कान व्हायची. ते घासायचे आणि ती म्हणायची, झालं. कधी चुकली नाही.

"येते म्हनायची. ह्या रविवारी येते, फुडल्या रविवारी येते. दर रविवारी त्यो हिरा चालू आसायचा." मौलांनी वेलीच्या पानावर बोट ठेवलं. "माझं रविवार त्यानं न्हेलं, सुभेदार. मी त्येला चार दिस न्हेला. सामान भराय आली की द्यायचाच हुता. आवं, पेटी मीच केलीया की त्येची."

"ठावं हाय," नाथाजी म्हणाले. "तुमी काच सरसानं लावली. ज्येला परत उघडायचं नसतंय त्यो सरस वापरत न्हाई."

मौलांनी मान वर केली. त्यांच्या धंद्यातली ती पहिली शिकवण होती. वाद्य कधीतरी दुरुस्तीला येणार, म्हणून जोड असा द्यायचा की गरम पाण्यानं न दुखावता सुटेल.

"पर तिकडं कृष्णातवर आळ आलाय," नाथाजी म्हणाले. "आन् पोरीचं जाणं उद्याच मोडतंय."

मौलांचा चेहरा पांढरा पडला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अल्फियानं फोनवर फक्त कामात आहे एवढंच म्हटलं होतं. त्यांनी घाईनं शेगडीवरचं गरम पाणी पानावर सोडायला घेतलं, आणि तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या.

६

अल्फिया होती. मागच्याच गाडीनं आली होती.

बापलेकीत घरात दख्खनी चालायची, पण नाथाजी समोर म्हणून असेल, ती मराठीत बोलली. सोमवारी झाकण उघडलं तेव्हाच तिला वास आला होता. त्या वासात ती वाढली होती. तिनं काच काढली नाही, कारण काढली असती तर काय कळलं ते सांगावं लागलं असतं, आणि ते तिच्या तोंडून निघत नव्हतं. दोन दिवस अब्बा स्वतः बोलतील म्हणून तिनं वाट बघितली. कृष्णात आपल्यामुळं उपाशी आहे हे समजल्यावर तिला राहवेना, म्हणून ती नाथाजींकडं गेली.

"मला चोर शोधून नको होता, काका," ती म्हणाली. "अब्बांना कुणीतरी विचारायला हवं होतं. मी विचारलं असतं तर मला त्यांना सोडून जाताच आलं नसतं."

दिलशादबी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कानांचंही.

हिरा सुटून आला. अल्फियानं तो कापसावर घेतला, पुसला, उजेडात धरून बघितला. ओरखडा नव्हता. नाथाजींनी अंगणात जाऊन यशराजांना फोन केला. हिरा सापडला, उद्या सकाळी जागेवर येतोय, कसा गेला ते नेणाराच येऊन सांगेल, आणि आता या घडीला कृष्णातला फोन करा आणि त्याच्या विट्याच्या चुलत्यालाही. पलीकडून यशराज करतो म्हणाले. मौलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की उद्या पहिल्या गाडीनं साताऱ्याला जायचं आणि कृष्णातपुढं हात जोडायचे. सरांना जे काय करायचं ते करू देत. अल्फियानं नको म्हटलं नाही.

नाथाजींनी निघायला पाहिजे होतं. साताऱ्याची शेवटची गाडी चुकली असती. पण आत येऊन बघतात तर मौलांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला होता आणि अल्फिया भुशात बसली होती, ओढणी खोचून, डोळे मिटून. ते दाराशीच टेकले.

मौलांनी घोडीवर कानस दोनदा फिरवली आणि तार छेडली. कोरडा, लाकडी आवाज.

"अजून," अल्फिया म्हणाली.

पुन्हा कानस, पुन्हा तार. "अजून."

असं बरंच चाललं. चहा निवला. मग एकदा तार छेडली आणि खोलीत काहीतरी बदललं. सूर तारेतून सुटून वर टांगलेल्या भोपळ्यांपर्यंत गेला आणि तिथंच राहिला, गुंजत. नाथाजींना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण झालं, हे त्यांनाही कळलं. दिलशादबींनी पदर डोळ्यांना लावला. मौला मान तिरकी करून लेकीच्या चेहऱ्याकडं बघत होते, त्यांना तिथूनच कळणार होतं.

अल्फियानं डोळे उघडले नाहीत.

"अजून थोडं, अब्बा," ती म्हणाली.

मौलांनी कानस उचलली आणि घोडीवरून फिरवू लागले. नाथाजींची नजर जात्याच बारीक. कानस घोडीला टेकत नव्हती. केसभर वरून, हवेतूनच जात होती, हळूहळू, पुढं आणि मागं. मग त्यांनी तार छेडली, तोच सूर पुन्हा खोलीभर पसरला, आणि त्यांनी विचारलं, झालं?

"अजून थोडं."

नाथाजींनी घड्याळाकडं बघितलं नाही. बाहेरचे बूट त्यांनी काढून आत आणले, दोन्ही, आणि भिंतीशी नीट लावून ठेवून खाली बसले.